घुंगरू गळ्यात, नाच पायात

(पडद्यावर फक्त चार खूर. घंटांचा आवाज.)

आधी नुसतं ऐका. छन छन छन छन... पायात काही बांधलेलं नाहीये हां, हा आवाज गळ्यातून येतोय, घोड्याच्या गळ्यात छोट्या गोल घंटांची जाडजूड माळ आहे. आणि नीट बघितलं तर घोडा फारसा पुढे जातच नाहीये, जागच्या जागी एक पाय उचलतो, टेकवतो, मग दुसरा, अंग डोलतं, मान वरखाली होते आणि मान हलली की माळ वाजते. म्हणजे शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य), ढोल, झांजा सगळं माणसांच्या हातात, पण घंटा मात्र घोडा स्वतः वाजवतोय.

आपण आहोत जपानच्या दक्षिणेला, क्यूशू बेटावर. देवस्थानाचं नाव कागोशिमा जिंगू, आणि इथे पहिल्यांदा येणारे हमखास फसतात कारण हे देऊळ कागोशिमा शहरात नाहीच्चे, ते आहे किरिशिमा शहरातल्या हायातो भागात. हायातो स्टेशनला उतरायचं आणि गर्दी जाईल तिकडे चालायला लागायचं, पत्ता विचारायची गरज पडत नाही.

जत्रेचं नाव हात्सुउमा, म्हणजे पहिला 'अश्व-दिवस'. जुन्या जपानी पंचांगात दिवसांना प्राण्यांची नावं आहेत ना, त्यातला घोड्याचा. गंमत म्हणजे बाकी जपानात हात्सुउमा म्हटलं की लोकांना इनारी देव आणि त्याचे कोल्हे आठवतात, घोडा फक्त नावापुरता. इथे मात्र खराखुरा घोडा दारात येऊन नाचतो. तारीख अजून जुन्या चांद्र पंचांगावरच निघते, पहिल्या महिन्याची १८ तारीख उलटली की येणारा रविवार. जपानने १८७३ मध्येच इंग्रजी कॅलेंडर घेतलं, पण या जत्रेने काही ते मनावर घेतलं नाही. आपल्या हिशोबात धरलं तर बहुतेक वर्षी माघ वद्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात, हवेत अजून गारवा असतो पण थंडीचा जोर गेलेला असतो.

(घोड्याच्या पाठीचा क्लोजअप. रंगीत कागदाची फुलं.)

हे का सुरू झालं, तर गोष्ट सोळाव्या शतकातली. आगीत जळालेलं देऊळ पुन्हा बांधायचं चाललेलं, इथला सरदार शिमाझु ताकाहिसा आणि निश्शू नावाचा भिक्खू, असं सांगतात की दोघांच्याही स्वप्नात बातो कान्नोन आला. बातो म्हणजे घोड्याचं डोकं, कान्नोन म्हणजे बौद्धांचा करुणेचा देव. आता हा देव कोण माहितीये? आपला हयग्रीव! भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचला, मुळात चांगलाच रागीट, पण इथे शेतकऱ्यांनी त्याला घोड्यांचा राखणदार करून टाकला. मग त्याच्यासाठी घोडे नाचायला लागले, माणसं-जनावरं सुखरूप राहू देत आणि पीक चांगलं येऊ दे म्हणून.

आणि मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट पुढची आहे. १८६८ मध्ये सरकारने शिंतो (जपानचा स्वतःचा जुना धर्म) आणि बौद्ध वेगळे करा असा हुकूम काढला, आणि या भागात तर इतकं कडक झालं की हजारावर बौद्ध मंदिरं पाडली किंवा बंद केली. ज्या बौद्ध देवाच्या नावाने नाच सुरू झाला त्याच्यावरच गदा. तरी घोडे शिंतो देवळाच्या दारात नाचत राहिले. त्यांना काय, रस्ता पाठ होता.

(ढोल, झांजा. मिरवणूक.)

पुढे असतो तो शेजारच्या काजिकी भागातल्या किदा गावचा मानाचा घोडा, देवाचा घोडा, तो निघाल्याशिवाय बाकीच्यांनी हलायचं नाही. मागून एकेक घोडा आणि प्रत्येकामागे त्याचा नाचणाऱ्यांचा ग्रुप, गल्लीतली मंडळी, शाळेची पोरं, ऑफिसवाले, सगळे एका रंगाच्या कपड्यात. जत्रा भरात असते तेव्हा वीसेक घोडे आणि दोनेक हजार माणसं. माणसं चुकतात, हात भलतीकडेच जातात, हसतात, परत पकडतात. घोडा सहसा चुकत नाही.

पण तो असाच उठून नाचत नाही, आधी बरेच दिवस तालावर प्रॅक्टिस असते. पूर्वी हेच घोडे शेतात राबायचे आणि एक दिवस नटून इथे यायचे. ट्रॅक्टर आले, शेतातलं घोड्याचं काम संपलं, नाच तेवढा राहिला. आता घोडा मिळवणं, सांभाळणं, खर्च, हीच मोठी डोकेदुखी.

(खेळण्यांचा स्टॉल.)

हे बघा, याला म्हणतात पोनपाची. कागदाचा चपटा ढोल, बांबूची दांडी, दोन बाजूंना दोऱ्यात ओवलेले दाणे. दांडी फिरवली की दाणे कागदावर आपटतात, टणटण! आपल्या डमरूचा जपानी चुलतभाऊच म्हणा. घोड्याच्या पाठीवर फुलांमध्ये खोचलेलं असतं ना, ते हेच, आणि जत्रेतून घरी निघालेल्या पोराच्या हातातही हेच.

(संध्याकाळ. हायातो स्टेशन.)

ट्रेन येते. आईच्या खांद्यावर एक पोरगी गाढ झोपलीये, पोनपाची मात्र मुठीत घट्ट, आणि गाडीला धक्का बसला की दाणे आपोआप वाजतात. टण. टणटण. टण.