पुस्तक बाजूला, नांगर हातात

न्यूझीलंडमधलं हॉक्स बे. माओरी म्हणजे या देशाचे मूळ रहिवासी. इथल्या ‘ते औते’ या माओरी मुलांच्या शाळेत १८७८ साली जॉन थॉर्नटन मुख्याध्यापक झाले. त्यांचा एकच हट्ट होता: आपली मुलं विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसणार. गोऱ्यांची मुलं बसतात, त्याच परीक्षेला.

मुलं बसली आणि पासही झाली. आपिराना न्गाटा १८९३ मध्ये पदवीधर झाले. न्यूझीलंडच्या विद्यापीठातून पदवी मिळवणारे ते पहिले माओरी. पुढे वकील, खासदार, मंत्री. याच शाळेचे माउई पोमारे आणि ‘ते रांगी हिरोआ’ डॉक्टर झाले.

एखाद्या शिक्षणखात्याने असा निकाल मिरवला असता. इथलं खातं अस्वस्थ झालं. १९०६ मध्ये राजआयोग, म्हणजे सरकारी चौकशी समिती बसली आणि तिने कौल दिला: या मुलांना शेती शिकवा, हातकाम शिकवा. थॉर्नटन अडून राहिले, पण वारं फिरलं होतं.

भाषेची गोष्ट आपण ऐकलेली असते. १८६७ चा नेटिव्ह स्कूल्स कायदा, त्याने माओरींसाठी काढलेल्या वेगळ्या सरकारी शाळा, इंग्रजीतून शिक्षण, माओरीत बोललं की मार. १९८२ पासून माओरींनी स्वतःच ‘कोहंगा रेओ’ बालवाड्या काढून ती भाषा पुन्हा मुलांच्या तोंडी आणली. मोठीच लढाई ती. पण छडीचे वळ दिसतात. ज्या परीक्षेला कुणी बसवलंच नाही, तिचा वळ कुठे उठतो?

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शिक्षण संचालक टी. बी. स्ट्राँग यांनी तर आडपडदाच ठेवला नाही. माओरी मुलाने चांगला शेतकरी व्हावं आणि मुलीने चांगल्या शेतकऱ्याची बायको, असं त्यांचं म्हणणं. (तोवर माओरींची बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली होती. शेती करायची तरी कोणाच्या रानात?)

१९४० च्या दशकात ईस्ट कोस्टवर माओरींसाठी माध्यमिक शाळा निघाल्या. तिथेही भर सुतारकामावर आणि घरकामावर. शेवटी पालकांनीच लावून धरलं: आमच्या मुलांना स्कूल सर्टिफिकेटला, म्हणजे देशभरच्या शालान्त परीक्षेला बसवा.

१९६९ मध्ये माओरींसाठीच्या वेगळ्या शाळा सर्वसाधारण व्यवस्थेत विलीन झाल्या. मात्र मुलांना ‘कुवती’नुसार तुकड्यांत वाटायची पद्धत अनेक शाळांत टिकून राहिली, आणि खालच्या तुकड्यांत माओरी मुलं लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसतात. तिथे सोपं गणित शिकवलं जातं. त्या गणितावर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत नाही, हे अनेक घरांना कळतं ते अर्ज भरायची वेळ आल्यावर.