साठ दिवस, नव्वद दिवस

पोलिसांनी उचललं की गुन्हा शाबित झालाच असं घरचेच धरून चालतात, शेजारपाजारचं तर सोडाच. पण तेव्हा हातात असतो फक्त आरोप, आणि तो सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं असतं, आरोपीचं नाही.

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. मग पीसीआर, मग एमसीआर, म्हणजे आधी पोलीस कोठडी नंतर जेल, आणि इथून जे दिवस सुरू होतात ते मोजायचं कोणाला सुचतच नाही.

रिमांडचा, म्हणजे कोठडीच्या हुकुमाचा, पहिला कागद नीट बघा. वर कलम असतं, खाली तारीख. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. साधी चोरी धरा, कलम ३०३, पहिल्यांदाच असेल तर जास्तीत जास्त ३ वर्षं. अशा केसमध्ये ६० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, मग केस किती भक्कम आहे ते कोर्ट बघत बसत नाही. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं नि त्याच्या वरची शिक्षा असेल तर ९० दिवस. यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यात, मुदत १८० दिवसांपर्यंतही जाते, ड्रग्जच्या मोठ्या केसेसमध्ये तर कोर्टाने वाढवली तर वर्षापर्यंत.

पण अर्ज करावा लागतो, आपोआप कोणी सोडत नाही! मुदत संपली, आपण गप्प राहिलो, तेवढ्यात चार्जशीट पडली, की हा हक्क गेला. नुसतं माहीत नव्हतं म्हणून माणूस आत राहतो, हे फार वाईट आहे.

१९७९ मध्ये हुसैनारा खातून केसमध्ये बिहारच्या जेलमधले असे कच्चे कैदी सुप्रीम कोर्टासमोर आले, ज्यांनी शिक्षा झाली असती त्याहून जास्त दिवस आत काढले होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर जामिनावर सोडायची तरतूद आहे, फक्त फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्याच्यावर आणखी केसेस चालू आहेत तो सोडून.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. जामीन मंजूर झाला पण जामीनदार मिळत नाही, रक्कम झेपत नाही, असं झालं तर रक्कम कमी करायचा किंवा जात मुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायचा अर्ज करता येतो, आणि तोही हाच वकील फी न घेता टाकतो.