शेवटच्या सीटपर्यंत

[पहाट. उभी बस. टॉर्चचा उजेड टायरवरून फिरतोय.]

शाळेची बस सुटायला अजून वेळ आहे. चालक गाडीभोवती फेरी मारतोय. टायर, चाकांचे नट, दिवे, वायपर. आणीबाणीचं दार तो आतून उघडून बघतो, मग बाहेरून. एअर ब्रेकचं प्रेशर भरेपर्यंत थांबतो, काटा खाली येत नाही ना याची खात्री करतो.

गाडीची ही तपासणी रोज होते. चालवणाऱ्या माणसाची मात्र ठरावीक मुदतीनंतर. मधल्या दिवसांत त्याच्या शरीरात काय बदललं, हे पुष्कळदा त्यालाही माहीत नसतं.

[डोळ्यांची तपासणी. भिंतीवरचा तक्ता.]

तक्त्यावरची अक्षरं वाचली की नजर चांगली, असं आपण धरून चालतो. पण तक्ता फक्त समोरच्या नजरेचं सांगतो आणि मूल धावत येतं बाजूने. निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं जवळपास 180 अंशांतलं दिसतं. काचबिंदू बहुतेक वेळा याच नजरेच्या कडा कुरतडत जातो, आणि दुखत काहीच नाही. मधली नजर शाबूत, त्यामुळे माणूस अक्षरं धडाधड वाचून दाखवतो. म्हणून बाजूची नजर वेगळी तपासावी लागते. ही तपासणी कुणी घाईत उरकू नये.

मग कान, रक्तदाब, हृदय, फिट येण्याचा इतिहास. आणि साखर. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात. जुन्या मधुमेहात काहींना ही पूर्वसूचनाही मिळत नाही. तरी मधुमेह आहे एवढ्यावरून कुणाला सरसकट बाद करणं आम्हाला पटत नाही. स्टिअरिंगवर बसण्याआधी साखर मोजणारा, ग्लुकोज हाताशी ठेवणारा चालक आजार लपवणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

[रिकामा रस्ता, काचेतून.]

सगळ्यात फसवी गोष्ट झोपेची. स्लीप ॲप्नियामध्ये झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू दचकून जागा होतो. आजार तीव्र असेल तर हे रात्रीत शेकडो वेळा घडतं. सकाळी तो माणूस मनापासून सांगतो, आठ तास झोपलो. घोरणं घरच्यांनी ऐकलेलं असतं. डॉक्टरांनी त्यांनाही विचारायला हवं.

आजार नसला तरी सलग 17 तास जागलेल्या माणसाचा मेंदू साधारण तितकाच मंदावतो, जितका रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना. ताशी 40 किलोमीटर वेगाने बस सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंदांच्या डुलकीत 33 मीटर. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अशी गुंगी येते.

अशा सकाळी ‘आज मी गाडी काढत नाही’ असं चालकाला म्हणता आलं पाहिजे. त्या दिवसाची मजुरी कापली जाणार असेल, तर तो म्हणणार नाही. मग फिटनेसचा दाखला फाइलमध्ये राहतो आणि पेंगुळलेला माणूस रस्त्यावर.

[थांबा. दार उघडतं.]

जड वाहनाचा परवाना असला म्हणजे शाळेची बस चालवता येते असं नाही. इथे धोका गाडी उभी असतानाही असतो. बसच्या नाकाखाली, मागच्या चाकांजवळ, दारालगत असलेलं लहान मूल सीटवरून दिसत नाही. हातातला कागद उडतो, मूल तो उचलायला वाकतं, तेवढ्यात बस हलते. म्हणून प्रशिक्षणात मोजणी शिकवतात: उतरली किती, लांब जाऊन उभी राहिली किती. एकाचा जरी फरक पडला, तर आरशावर विसंबायचं नाही. गाडी बंद करायची, किल्ली काढायची आणि खाली उतरून बघायचं. नव्या चालकाला एकदा सीटवर बसवावं आणि बसभोवती मुलांच्या उंचीचे खांब उभे करावेत. कुठले दिसेनासे होतात ते त्याला स्वतः कळू द्यावं.

[बस रिकामी. इंजिन बंद.]

फेरी संपली, तरी चालक लगेच उतरत नाही. तो मागे चालत जातो, प्रत्येक सीटवर आणि सीटखाली बघत. दमलेलं मूल सीटवर आडवं होऊन झोपी जातं, तेव्हा पुढच्या आरशात ते दिसत नाही. आणि बंद बस उन्हात फार लवकर तापते. तो शेवटच्या सीटपाशी पोचतो. तिथे पाण्याची एक बाटली राहिली आहे. ती उचलतो, पुन्हा एकदा खाली वाकून बघतो, मग दाराकडे वळतो.