दाद टिपणारा कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

मैफल दोन्ही बाजूंनी रंगते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. समेवर समोरच्याची मान हलली, एखाद्या जागेला मनापासून 'वाहवा' आली, की गवयालाही पुढचे सुचत जाते. तरीही मैफलीचे चित्रीकरण करताना श्रोता बहुधा राहूनच जातो. ज्या अमेरिकन माहितीपटकाराने त्याला आपल्या चित्रपटात मानाने बसवले, त्या डी. ए. पेनेबेकर यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

१५ जुलै १९२५ रोजी इलिनॉय राज्यातील इव्हॅन्स्टन येथे त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात ते यंत्र अभियांत्रिकी शिकले, आणि ते शिक्षण त्यांच्या फार कामी आले. १९५३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या उन्नत मार्गावरील रेल्वेगाडीचे चित्रीकरण केले आणि ती दृश्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या लयीवर बसवून अवघ्या पाच मिनिटांचा चित्रपट केला. त्या काळी आवाजासह चित्रीकरण करायचे म्हणजे जड यंत्रे एका जागी मांडून माणसांना त्यांच्यासमोर आणावे लागे. रॉबर्ट ड्रू आणि रिचर्ड लीकॉक या माहितीपटकारांबरोबर काम करताना पेनेबेकर यांनी हे ओझे हलके करण्यात मोठा वाटा उचलला. कॅमेरा खांद्यावर आला, ध्वनिमुद्रण यंत्र त्याच्या सोबतीने चालू लागले, आणि चित्रीकरण करणाऱ्याला माणसांच्या मागे मागे जाता येऊ लागले.

म्हणूनच १९६५ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा हॉटेलच्या खोलीत, मोटारीत, मंचामागच्या अंधाऱ्या वाटेवर पेनेबेकर त्याच्याबरोबर राहू शकले. १९६७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'डोन्ट लुक बॅक' या चित्रपटात समजावून सांगणारे निवेदन नाही. जे घडले ते आपण पाहायचे आणि आपणच समजून घ्यायचे. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकायला धैर्य लागते, असे मला नेहमी वाटते.

पुढे रॉक गायक डेव्हिड बोवीच्या १९७३ मधील लंडनच्या कार्यक्रमापासून 'डिपेश मोड' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या अमेरिका दौऱ्यापर्यंत पुष्कळ संगीत त्यांनी टिपले. पत्नी क्रिस हेगेडस यांची अनेक चित्रपटांत त्यांना बरोबरीची साथ होती. २०१२ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाले आणि १ ऑगस्ट २०१९ रोजी ते निवर्तले.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या 'मॉन्टेरी पॉप' या चित्रपटाविषयी. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरी येथे तीन दिवसांचा संगीत महोत्सव झाला, तो या चित्रपटात टिपला आहे. चारशे फुटांचे एक रीळ जेमतेम अकरा मिनिटे चाले, त्यामुळे केव्हा कॅमेरा सुरू करायचा आणि काय सोडून द्यायचे, हे चित्रीकरण करणाऱ्याला जागच्या जागी ठरवावे लागे. रविवारी, १८ जूनच्या दुपारी, पंडित रविशंकर सतार घेऊन बसले. तबल्यावर आपल्या मुंबईत राहिलेले उस्ताद अल्लारखाँ होते आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. महोत्सवात त्यांच्यानंतरही कार्यक्रम झाले, तरी पेनेबेकर यांनी हे वादन चित्रपटाच्या अगदी शेवटी ठेवले आणि ऐंशी मिनिटांच्या आतल्या चित्रपटातली जवळजवळ अठरा मिनिटे त्याला दिली.

त्याहून मोठे धाडस पुढे आहे. सतार ऐकू येऊ लागते, पण वादक बराच वेळ दिसतच नाहीत. कॅमेरा महोत्सवाच्या आवारात फिरत राहतो, एकेका चेहऱ्यापाशी थांबतो. त्याच रात्री मंचावर आपली गिटार पेटवणारा रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स इथे श्रोत्यांमध्ये बसून ऐकताना दिसतो. मग केव्हातरी तारांवरची बोटे येतात, सतार आणि तबल्याचे सवालजवाब रंगतात, अल्लारखाँसाहेबांचा चेहरा खुलतो, लय चढत जाते. आणि वादन संपते, तेव्हा जमलेले सारे श्रोते उठून उभे राहतात. कॅमेरा पुन्हा त्यांच्याकडे वळलेला असतो.