मुळांशी बसलेले राखणदार

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाच्या मुळांना एक वाईट रोग होतो. इंग्रजीत त्याला ‘टेक-ऑल’ म्हणतात, म्हणजे सगळंच घेऊन जाणारा. एक बुरशी मुळांत शिरते, मुळं काळी पडून कुजतात, ओंब्या अवेळी पांढऱ्या होतात आणि दाणा भरतच नाही. यावरचा नेहमीचा सल्ला म्हणजे पीक बदला. पण काही शेतकरी हट्टाने त्याच रानात दरवर्षी गहूच घेत राहिले आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पहिली काही वर्षं रोग वाढत गेला, मग एका हंगामात त्याने कहर केला आणि त्यानंतर तो आपसूक ओसरला. जमिनीत बुरशी होती, गहूही तोच होता. मग मध्ये आलं कोण?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन इथे जेम्स कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. ज्या रानातला रोग ओसरला होता तिथली थोडीशी माती दुसऱ्या मातीत मिसळली, त्यात मुद्दाम बुरशी सोडली आणि गहू पेरला. रोग दबला! मग ती मूळची माती ओलसर ठेवून अर्धा तास 60 अंशांना तापवली. आता तिच्यात काही गुणच उरला नाही. चिमूटभर घातलं की पसरतं आणि तापवलं की मरतं, अगदी विरजणासारखं. म्हणजे मातीतला तो गुण जिवंत होता.

शोध घेता घेता हाती लागले स्युडोमोनास गटातले जिवाणू. ते गव्हाच्या मुळांवर राहतात आणि डायअसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल नावाचं प्रतिजैविक तयार करतात. हे नाव मलाही एका दमात म्हणता येत नाही, तुम्ही विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचा तो आकडा: एक ग्रॅम मुळावर या जिवाणूंची संख्या साधारण 1 लाखाच्या वर गेली, तरच रोग आटोक्यात येतो. त्याहून कमी असतील तर ते असून नसल्यासारखे. आणि ही संख्या वाढते कशी? तर रोगाने पोखरलेल्या मुळांतून जास्त रस पाझरतो, त्यावर हेच जिवाणू पोसतात. रोगच आपला वैरी पोसतो म्हणा ना! पण मध्येच दुसरं पीक घेतलं, तर ही फौज पांगू शकते. फेरपालट चांगली, हे आपण घोकून ठेवलेलं असतं. इथे मात्र मातीने वेगळाच हिशेब मांडला.

आता कुणी शंका काढेल, जिवाणू प्रतिजैविक बनवतो हे काचेच्या बशीत दिसलं, पण मातीतही तेच घडतं कशावरून? ही शंका अगदी रास्त आहे. 1988 साली लिंडा थोमाशो आणि डेव्हिड वेलर यांनी तिचं उत्तर दिलं. त्यांनी फेनाझिन हे प्रतिजैविक बनवणारा स्युडोमोनास घेतला आणि ते बनवण्याची क्षमता तेवढी त्याच्यातून काढून टाकली. बाकी जिवाणू जसाच्या तसा. त्याची गव्हाला राखण करण्याची ताकद बरीच घटली. गेलेली क्षमता परत दिली, तशी राखणही परत आली.

प्रतिजैविक हे एक हत्यार झालं. दुसरं त्याहून धूर्त आहे: उपासमार. मातीत लोह भरपूर असतं, पण बहुतेक गंजाच्या रूपात, पाण्यात न विरघळणारं. स्युडोमोनास एक पिवळसर हिरवं द्रव्य सोडतो, ते मिळेल तिथलं लोह पकडतं आणि जिवाणूच्या तोंडी आणून देतं. अतिनील प्रकाशात हे द्रव्य चमकतं. बुरशीलाही लोह लागतंच, पण तिच्या वाट्याला उरत नाही. प्रयोगात मातीत वरून लोह घातलं, तेव्हा हे संरक्षण नाहीसं झालं. चोरी कुठे होत होती, ते त्यावरून कळलं.

मला सगळ्यात जास्त आवडते ती ऑस्ट्रेलियातली गोष्ट. ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू फळझाडांच्या बुडाशी गाठी आणतो. तो आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि झाडाकडून स्वतःचं खास खाद्य बनवून घेतो. ते खाद्य आत घ्यायला त्याच्या अंगावर एक खास दार असतं. ॲडलेडमध्ये ॲलन कर यांना याच जिवाणूचा एक निरुपद्रवी भाऊबंद सापडला, नाव के-84. तो असं विष बनवतो जे त्या खाद्यासारखं दिसतं. गाठी आणणारा जिवाणू स्वतःच्या हाताने दार उघडून विष आत घेतो आणि मरतो. रोपं लावण्यापूर्वी मुळं के-84 च्या पाण्यात बुडवली की काम झालं. पण यात एक गोम निघाली. के-84 कधीकधी विषाबरोबर त्या विषापासून बचावाची जनुकंही रोगाच्या जिवाणूला देऊन टाकायचा. म्हणून ही देवाणघेवाण करणारा भाग कापून के-1026 हा नवा वाण तयार करावा लागला.

काही जिवाणू शत्रूला हातही लावत नाहीत, ते झाडालाच सावध करतात. 1991 साली नेदरलँड्समध्ये कार्नेशनच्या मुळांना जिवाणू लावले आणि मर रोगाची बुरशी खोडात टोचली. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, तरीही रोग कमी झाला. मुळाशी मिळालेला इशारा खोडापर्यंत पोचला होता. असं झाड आधीपासून लढत बसत नाही, पण हल्ला झाला की इतरांपेक्षा लवकर उठतं.

झाड या राखणदारांना फुकट राबवत नाही. पानांनी उन्हात कमावलेल्या साखरेचा, आम्लांचा बराच वाटा ते मुळांवाटे मातीत सोडतं. मुळाला लागून असलेल्या या गजबजलेल्या थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 साली रायझोस्फिअर हे नाव दिलं.

बियाण्याला किंवा मातीत घालायला बाटलीतून मिळणारे असे जिवाणू कधी गुण देतात, कधी नाही, याचं कारणही याच गर्दीत आहे. प्रयोगशाळेत आयतं खाऊन वाढलेला जिवाणू मातीत पडतो, तेव्हा तिथली प्रत्येक जागा आधीच कुणीतरी बळकावलेली असते. बॅसिलस नावाचा दुसरा एक जिवाणू निदान टणक बीजाणू करून पाकिटात बराच काळ तग धरतो. स्युडोमोनासला ते जमत नाही, म्हणून तो ताजा असलेला बरा. आणि तो बियाण्याला चोळायचा तो एवढ्याचसाठी, की पहिलं मूळ बाहेर पडेल तेव्हा त्याच्या अंगावरची जागा इतर कुणी पोचण्याआधी आपल्या जिवाणूंनी धरलेली असावी.

नमस्कार.