‘सहापर्यंत ऑफिसात असेन’ इंग्रजीत कसं सांगाल? गोंधळात टाकणाऱ्या शब्दांची मराठी कसोटी

नमस्कार मंडळी. आधी एक मराठी वाक्य ऐका: ‘मी सहापर्यंत ऑफिसात असेन.’

याचे अर्थ किती? दोन. एक, सहाच्या आत मी ऑफिसात पोहोचलेला असेन. दुसरा, सहा वाजेस्तोवर मी तिथे आहे, मग निघेन. मराठीत बोलण्याच्या ओघात कळतं, कुणाचं अडत नाही. इंग्रजीत मात्र हे दोन अर्थ दोन शब्दांकडे आहेत. पहिल्यासाठी ‘बाय’, दुसऱ्यासाठी ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’. ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स’ असं कळवलंत, तर माणूस साडेसहाला भेटायला येईल. ‘टिल सिक्स’ कळवलंत, तर साडेपाचला येईल. शब्द चुकला की तो बिचारा बंद दारासमोर उभा.

अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. गोंधळ कुठून येतो, ते यादीत नसतंच. आपल्याकडे एक शब्द आणि इंग्रजीत दोन, बहुतेक वेळा घसरायची जागा हीच. म्हणून वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मराठीतच जरा फिरवून बघायचं.

‘पर्यंत’ आला की त्याजागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवा’, ‘शुक्रवारच्या आत अर्ज पाठवा’. चाललं? मग बाय. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’, ‘शुक्रवारच्या आत थांबा’. नाही चालत, कारण थांबणं हे चालूच राहणारं काम आहे. तिथे अन्टिल. एक लक्षात ठेवा, ‘बाय फ्रायडे’मध्ये साधारणपणे शुक्रवारही धरतात. ‘च्या आत’ हा फक्त शब्द निवडण्यापुरता, तारीख मोजायला नाही.

अन्टिलची आणखी एक खोड आहे आणि ती आपल्याला फार नडते. आपण म्हणतो, ‘मी येत नाही तोपर्यंत जाऊ नकोस.’ यातला ‘नाही’ सरळ इंग्रजीत उतरतो: ‘अन्टिल आय डोन्ट कम’. हे चूक. अन्टिलनंतर फक्त ते घडण्याचा क्षण सांगायचा असतो, ‘नाही’ लागत नाही. ‘डोन्ट गो अन्टिल आय कम.’ सोपी युक्ती सांगतो: मनातलं वाक्य ‘मी येईपर्यंत जाऊ नकोस’ असं करून घ्या. ‘नाही’ आपोआप गळतो.

आता ‘पासून’. याचीही तीच गत. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०१९पासून’, आपल्याकडे प्रत्यय एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘फॉर’, दुसऱ्याला ‘सिन्स’. कसोटी अशी: ‘पासून’ काढा आणि पुढे ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावा. ‘गेली दोन वर्षं मी इथे राहतोय.’ छान बसतं, म्हणून फॉर टू इयर्स. ‘गेले तीन दिवस ताप आहे’, फॉर थ्री डेज. ‘गेले २०१९’ असं कुणी म्हणेल का? नाही. तिथे सिन्स. ‘सकाळपासून’, ‘लग्न झाल्यापासून’, दोन्हीकडे सिन्स.

फसायची एकच जागा आहे: ‘गेल्या सोमवारपासून’. यात ‘गेल्या’ आधीच आहे, म्हणून फॉर वाटेल. पण तो शब्द इथे कोणता सोमवार ते सांगतो, किती दिवस ते नाही. ‘कधीपासून’ला उत्तर मिळत असेल तर सिन्स, ‘किती दिवस’ला मिळत असेल तर फॉर. आणि काळ सांभाळा. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ यात चुका दोन आहेत. सिन्स बदलून भागत नाही, ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’ असं पूर्ण वाक्यच बदलावं लागतं.

पुढची जोडी अर्थ पार उलटा करते. ‘मला शंका आहे’, या एका वाक्यासाठी इंग्रजीत ‘डाउट’ही आहे आणि ‘सस्पेक्ट’ही. डाउट म्हणजे तसं नसावं असं वाटणं. सस्पेक्ट म्हणजे तसंच असावं असं वाटणं. समजा तुम्ही ईमेलमध्ये लिहिलंत, ‘आय डाउट द पेमेंट इज स्टक ॲट द बँक’. तुम्हाला म्हणायचं होतं, पैसे बँकेत अडकलेत बहुतेक. वाचणाऱ्याला कळलं, बँकेत अडकले नसावेत. तो बँक सोडून बाकी सगळीकडे शोधत बसेल. इथे कसोटी अगदी लहान आहे. ‘वाटत नाही’ म्हणायचं असेल तर डाउट, ‘वाटतं’ म्हणायचं असेल तर सस्पेक्ट. वर्गात हात वर करून ‘आय हॅव अ डाउट’ म्हणणं भारतात सगळ्यांना समजतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण परदेशी शिक्षकासमोर ‘क्वेश्चन’ म्हणा. नाहीतर तुम्ही त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवताय असं त्याला वाटू शकतं.

‘परिणाम’साठी ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. अफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद, इफेक्ट बहुतेक वेळा नाम. शब्दाआधी ‘ॲन’ किंवा ‘द’ ठेवता आला तर इफेक्ट. पण आपली खरी चूक स्पेलिंगच्या पलीकडे आहे. आपण म्हणतो तब्येतीवर परिणाम झाला, आणि तो ‘वर’ इंग्रजीत ‘ऑन’ होऊन येतो: ‘इट अफेक्टेड ऑन माय हेल्थ’. अफेक्टला ऑन लागत नाही. इफेक्टला लागतो. ‘इट अफेक्टेड माय हेल्थ’, ‘इट हॅड ॲन इफेक्ट ऑन माय हेल्थ’. दोन्ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणा. सरकारी किंवा कायद्याच्या मजकुरात ‘टु इफेक्ट अ चेंज’ दिसलं तर ती चूक समजू नका. तिथे इफेक्ट क्रियापद आहे आणि अर्थ आहे ‘घडवून आणणे’.

काही जोड्यांचा गोंधळ मात्र कानाचा आहे. बोट गळ्यावर ठेवा आणि ‘स’ लांब ओढा. काही हलत नाही. आता ‘आवाज’ या शब्दातल्या शेवटच्या ‘ज’वर रेंगाळा. थरथर जाणवते. सल्ला हे नाम म्हणजे ‘ॲडव्हाइस’, शेवट ‘स’, स्पेलिंगमध्ये सी. सल्ला देणे म्हणजे ‘ॲडव्हाइज’, शेवटी तो थरथरणारा ‘ज’, स्पेलिंगमध्ये एस. आणि ‘ॲडव्हायसेस’ असं अनेकवचन करू नका, चार सल्ले मिळाले तरी ॲडव्हाइसच. हीच जोडी नमुना म्हणून वापरा. ब्रिटिश पद्धतीत ‘लायसन्स’ आणि ‘प्रॅक्टिस’ यांचंही तसंच आहे: नामाला सी, क्रियापदाला एस. ड्रायव्हिंग लायसन्स हे नाम, म्हणून सी. तिथे उच्चार एकच असल्यामुळे कान मदत करत नाही. अमेरिकेत लायसन्स दोन्हीकडे एसने आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने लिहितात. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

आता नट. ‘नट लूज झालाय’ असं आपण रोज म्हणतो, शेवटी ‘आवाज’मधला ‘ज’ लावून. इंग्रजीत मात्र सैल म्हणजे ‘लूस’, स्पेलिंगमध्ये दोन ओ. ‘ज’चा उच्चार हरवणे किंवा हरणे या अर्थाच्या शब्दाचा आहे, त्यात एकच ओ. म्हणजे मराठीत रुळलेला उच्चार नेमका दुसऱ्या शब्दाचा आहे, म्हणून तर ‘डोन्ट लूज होप’ लिहिताना हात दोन ओ टाकतो. मराठीत नट खुशाल लूज होऊ दे, फक्त इंग्रजी लिहिताना मनात ‘लूस’ म्हणा.

आणि ‘स्टेशनरी’. वह्या-पेनांच्या दुकानावरच्या पाटीत शेवटून तिसरं अक्षर ई हवं, ‘एन्व्हलप’च्या ई सारखं. ए आला तर अर्थ ‘स्थिर’. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच आहे: युरोपात एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला, फेरीवाल्यापासून वेगळं ओळखायला, स्टेशनर म्हणत.

यातला बहुतेक कुठलाही शब्द चुकला तरी साधा स्पेलचेकर बऱ्याचदा लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच असतात. म्हणून महत्त्वाचा अर्ज किंवा ईमेल पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ एकदम दाबा. सिन्स, अन्टिल, डाउट, अफेक्ट, दोन ओंचा लूस, हे पाच शब्द एकेक करून शोधा. जिथे सापडेल तिथे थांबा, ते वाक्य मराठीत म्हणा आणि त्याची कसोटी लावा. एका पानाला दोन मिनिटं पुरतात.