वेगळ्या टाकीतला मासा

(सोलापुरातल्या मत्स्यालयप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणजे हौसेला मोल नाही हे आधी मान्य करायचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर. नळाला पाणी काही दिवसांआड. आणि मासे येतात ते मुंबईहून, रात्रभर बसच्या डिकीत हिंदकळत. असा मासा सकाळी पिशवीतून काढला की तो दमलेला असतो, आणि दमलेल्या माशावरचा परजीवी आपलं काम जोरात सुरू करतो. त्यामुळे "माझ्याकडे आला तेव्हा चांगला होता, आठवड्यात गेला" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

क्वारंटाइन टाकी, म्हणजे नव्या किंवा आजारी माशासाठी वेगळी टाकी, ठेवा हे आता सगळ्यांना पटलंय, त्यावर वेळ घालवत नाही. मला पुढचं बोलायचंय. त्या टाकीत मासा मेला की आपण म्हणतो, आजारच जबर होता. मी जे पाहत आलोय ते वेगळं आहे. वेगळ्या टाकीतले बरेचसे मासे अमोनियाने मरतात, श्वास कोंडून मरतात, नाहीतर भलत्याच औषधाने मरतात. आजाराला बिचाऱ्याला संधीच मिळत नाही. म्हणून औषधाची बाटली शेवटी काढू. आधी पाणी.

उपचाराची टाकी उघडीबोडकी असते. तळाला वाळू नाही, दगड नाहीत, लपायला पीव्हीसीचे एल्बो. हे मुद्दाम, कारण प्रवाळाची वाळू आणि दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते पाण्यात औषध म्हणून घातलेलं तांबं ओढून घेतं. पण वाळू-दगड काढले की त्यांच्यावरचे उपयोगी जिवाणूही गेले. मग माशाचा अमोनिया कोण खाणार? त्यासाठी एक जादा स्पंज फिल्टर मेन टँकच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, कायम पडलेला असावा. गरज लागली की उचलला आणि इकडे लावला. मासा आजारी पडल्यावर नवा स्पंज विकत आणून लावणं म्हणजे नुसती जागा अडवणं, त्याच्यावर जिवाणू बसायला काही आठवडे जातात.

अमोनिया खाऱ्या पाण्यात जास्त चावतो, त्याला कारण आहे. अमोनियाचा एक भाग विषारी असतो, एक भाग जवळजवळ निरुपद्रवी, आणि कुठला किती हे पीएच ठरवतो. पीएच 7 च्या पाण्यापेक्षा 8.2 च्या पाण्यात विषारी भाग दहापटीहून अधिक भरतो. पाणी तापलं की आणखी वाढतो. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत चालून गेलेला निष्काळजीपणा इथे चालत नाही. आणि अमोनिया "बांधून" ठेवणाऱ्या बाटल्या तांब्याच्या उपचारात वापरू नका. त्यातली बरीच रसायनं तांब्याचं रूप बदलतात आणि ते माशाला बाधतं. सरळ पाणी बदला, आणि नव्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं घालून ठेवा.

दुसरी गोष्ट हवा. समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा मुळातच सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी ऑक्सिजन विरघळतो. त्यात पाणी 30 अंशांवर गेलं की आणखी कमी. त्यात परजीवीने कल्ले खाल्लेले. अशा माशाला एअर पंपाशिवाय तासभर लाइट गेली तरी पुरे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप फार महाग येत नाही, तो घ्याच.

गरमीवर आपल्याकडे एक उपाय आहे, तो मुंबईकरांना इतका साधत नाही. आपली हवा कोरडी. टाकीवर साधा टेबल फॅन तिरपा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण उडतं ते पाणी, मीठ आणि औषध मागे राहतं. 40 लिटरमधले 4 लिटर उडाले की लिटरला 0.20 मिलिग्रॅम असलेलं तांबं 0.22 होतं. म्हणून टाकीच्या काचेवर मार्करने रेघ मारा, आणि रोज त्या रेघेपर्यंत आरओचं पाणी घाला. आरओचं, खारं नव्हे. उजनीचं पाणी असो की बोअरचं, सरळ टाकीत नको.

आता मासा बघू. औषधाआधी दहा मिनिटं खुर्ची टाकून नुसतं बघा, हातात टॉर्च. कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजा. मासा धडधाकट असताना मोजून वहीत लिहून ठेवलेलं असलं तर सोन्याहून पिवळं, कारण आकडा माशागणिक वेगळा असतो.

वेगवेगळे मोजता येतील असे पांढरे ठिपके, मिठाच्या कणाएवढे, आज आहेत, दोन दिवसांनी गायब, आठवड्याने दुप्पट. हा व्हाइट स्पॉट, ज्याला आपण सगळे इक म्हणतो. याच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव 1951 मध्ये मिळालं. ठिपके गायब झाले की लोक पेढे वाटतात. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस खातो, मग गळून पडतो, तळाला कवच करून बसतो, आतल्या आत वाढतो, आणि कवच फुटलं की शेकडो पिल्लं बाहेर येऊन मासा शोधतात. दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. तांब्याचा मार लागतो तो याच मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतल्याला नाही, कवचातल्याला नाही. म्हणून ठिपके गेले तरी उपचार पूर्ण 30 दिवस.

ठिपके मोजता येत नाहीत, टॉर्च आडवा धरल्यावर अंगावर बारीक सोनेरी-राखाडी धूळ दिसते, मासा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा राहतो, उजेड टाळतो, हा व्हेल्वेट, अमायलूडिनियम. याच्यात आठवडे मिळत नाहीत, दिवस मिळतात. कित्येकदा धूळ दिसायच्या आधीच कल्ले संपलेले असतात. इथे मात्र निदानाची वाट बघत बसू नका, त्याच संध्याकाळी तांबं सुरू करा.

क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरा पदर सुटतोय, तर ब्रुकलिनेला. याच्यावर तांबं चालत नाही, फॉर्मालिन लागतं. फॉर्मालिनच्या बाटलीच्या तळाला पांढरा गाळ दिसला तर ती बाटली माशाला वापरायची नाही. आणि खिडक्या उघडून, हातमोजे घालून. ते आपल्यालाही वाईट.

मासा एल्बोला अंग घासतोय, डोळे धुरकट झालेत, पण ठिपका एक नाही, तर फ्लूक्स, म्हणजे चपटे कृमी. याची परीक्षा घरात होते. आरओचं पाणी घ्या, टाकीएवढंच तापमान करा, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच जुळवा, पंपाने हवा खेळवा, आणि मासा त्यात पाच मिनिटं सोडा. भांडं गडद रंगाचं घ्या. फ्लूक्स असतील तर मीठ न मिळाल्याने ते पांढरे पडतात आणि तळाला गळतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पहिल्यांदा बघणारा हादरतो. हे सगळं माशापाशी बसून करायचं, फोन आला तरी उठायचं नाही. मासा आडवा होऊन झटके देऊ लागला तर लगेच बाहेर. पुढचं औषध प्राझिक्वांटेल, तांबं नव्हे.

चार आजार, तीन वेगळी औषधं. आणि आपल्याकडे प्रत्येकावर "कॉपर टाक".

आता तांबं. जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घराघरात आहे, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "सर, चिमूटभर मोरचूद टाकलं तर?" असं मला नेहमी विचारतात. मी रसायनशास्त्र शिकवत आलोय, तर गणित करूनच दाखवतो.

साध्या तांब्याची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. 40 लिटर पाण्याला 0.20 ने 8 मिलिग्रॅम तांबं लागतं. मोरचुदाच्या खड्यात तांबं फक्त 25 टक्के, बाकी सल्फेट आणि पाणी. म्हणजे मोरचूद लागलं सुमारे 31 मिलिग्रॅम. चिमटीत सहज 300 मिलिग्रॅम येतं. संपला विषय. शिवाय शेतीच्या मोरचुदात आणखी काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. प्रयोगशाळेच्या प्रतीचं घ्या, 1 ग्रॅम मोजून 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. या द्रावणाचे सुमारे 31 मिलिलिटर म्हणजे तुमचे 8 मिलिग्रॅम. तेही एकदम नाही, दोन-तीन दिवसांत वाटून, नाहीतर मासा खाणं टाकतो. आणि टाकी "40 लिटरची" म्हणून 40 धरू नका. बादलीने मोजून भरा, बहुतेकदा 34-35 च निघतात.

बाजारातलं चिलेटेड कॉपर हे वेगळं प्रकरण. त्यात तांबं दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं असतं, म्हणून मात्रा लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून ठेवले की घोटाळा ठरलेला. चिलेटेडचा आकडा मोरचुदाला लावला तर दहापट. उलटीकडून, फक्त मोकळं तांबं मोजणाऱ्या किटने चिलेटेड मोजलं तर आकडा कमी येतो आणि माणूस अजून ओततो. बाटली आणि टेस्ट किट एकमेकांना जुळणारी घ्या, आणि रोज मोजा. मोजायचं नसेल तर तांबं वापरू नका, इतकं सरळ आहे. कोळंबी, शंख, प्रवाळ जिथे आहेत तिथे तर थेंबही नाही.

इकवर बिनऔषधाचाही मार्ग आहे आणि मला तो जास्त आवडतो. गळून पडलेला परजीवी कवचातून फुटायला निदान तीन दिवस घेतो. तो फुटायच्या आत मासा दुसऱ्या टाकीत हलवायचा. दर 72 तासांच्या आत, चार वेळा. दोन छोट्या टाक्या पुरतात. रिकामी झालेली धुऊन कडकडीत वाळवायची, फिल्टर, पाइप, जाळी सगळं, आणि वाळवायला सोलापूरच्या गच्चीसारखी जागा शोधून सापडणार नाही. पाणी दर वेळी नवं, त्यामुळे अमोनियाचाही प्रश्न मिटतो. मिठाचा खर्च मात्र येतो, लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे 40 लिटरला दर वेळी जवळपास दीड किलो. स्वयंपाकघरातलं मीठ नको, त्यात नुसतं सोडियम क्लोराइड. व्हेल्वेटला हा मार्ग लागू पडत नाही. पाणी फिकं करण्याचा, म्हणजे मीठ कमी करून घनता 1.009 पर्यंत उतरवण्याचा उपायही इकपुरताच, व्हेल्वेट फिक्या पाण्यातही मजेत जगतो.

मासा इकडे बरा होतोय आणि मेन टँकमध्ये एक डॅमसेल मासा "तो ठीक दिसतोय" म्हणून ठेवलेला आहे. मग सगळी मेहनत पाण्यात. इकसाठी मेन टँक पूर्ण बिनमाशाचा 76 दिवस ठेवायचा असं सांगतात, कारण काही कवचं 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. कोळंबी, शंख राहू द्यात, इक त्यांच्यावर जगत नाही. घरचे विचारतात, रिकाम्या टाकीला लाइट कशाला? हे तुमचं तुम्ही निस्तरा.

मेडिकलमधल्या कॅप्सूल फोडून टाकीत घालणाऱ्यांना एकच सांगतो. टेट्रासायक्लिन समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं, माशापर्यंत फारसं पोचतच नाही. मरतात ते फिल्टरवरचे जिवाणू. लसणाने इक गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मासा चवीने दोन घास जास्त खाईल, तेवढाच फायदा.

(यानंतर प्रश्न झाले. त्यातला एक इथे देत आहोत.)

"सर, माझ्या टँगच्या पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ आलीय. खातो-पितो चांगला. दुकानात म्हणाले इक आहे, म्हणून तांबं चालू केलंय. गाठ हलत नाही."

ताई, गाठ तीच, त्याच जागी आहे ना? दिवसागणिक जागा बदलत नाही? मग बहुधा लिम्फोसिस्टिस. विषाणूचा आजार आहे, औषध नाही, आणि लागतही नाही. चांगलं खायला द्या, टाकीत भांडणारा मासा असेल तर वेगळा करा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ आपोआप गळते. टँगला तांबं तसंही फार मानवत नाही. आज घरी गेल्यावर थोडं पाणी बदला, फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका, दोन दिवसांनी तांबं मोजा. शून्य आलं की कार्बन काढून फेकून द्या, आणि ते पाणी कंबर तलावात ओतू नका.